बाचं औषध आणि काकाचा अबोला

आमच्या गावात माणसांचा डॉक्टर नव्हता, पण शेळ्यांचा होता. माझा बा. शिक्षण चौथी नापास, रुबाब सिव्हिल सर्जनचा. शेळी जरा मलूल दिसली की बा हळद-गुळवेलीचा काढा उकळायचा आणि बांबूच्या नळीनं तिच्या घशात ओतायचा. गावभर नळी एकच. ती धुवायची असते, हे त्याच्या वैद्यकीत बसत नव्हतं.

नव्वदीतल्या एका दिवाळीला मी हिंगोलीहून कॉलेजच्या सुटीत घरी आले तर गावभरच्या शेळ्यांची तोंडं फुटलेली, नाकं वाहती, हगवण लागलेली. सुरुवात आमच्याच घरून झाली होती, बानं बाजारातून आणलेल्या शेळीपासून. पुढं तीन कोसांवर साखऱ्याला, आत्याच्या सासरी बा काढा पाजून आला, अन् चार दिवसांत तिथल्याही शेळ्या पडल्या. आमच्या कुडापलीकडं मात्र काकाच्या चौदा शेळ्या मजेत रवंथ करत होत्या. बांधाच्या भांडणावरून सख्ख्या भावांचा सात वर्षं अबोला होता. काका बाला अंगणात येऊ देत नव्हता, शेळ्याही वेगळ्या वाटेनं चारायला न्यायचा.

विज्ञानात मी जेमतेमच. तरी वहीच्या मागच्या पानावर घरं मांडली आणि बा जसा फिरला तशा रेघा ओढल्या. रोग त्या रेघा सोडून कुठंच गेला नव्हता.

जेवताना मी बाला वही दाखवली. "बा, रोग तुझ्यासंगं फिरून राहिला."

"हेच शिकवून राहिले का कॉलेजात?" म्हणत तो अर्ध्या भाकरीवरून उठला. मला वाटलं, आता खैर नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं काढा उकळला नाही.

त्याच आठवड्यात घाबरलेला काका आमच्या दारात आला. सात वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, झालं गेलं सोडून द्या. माह्या शेळ्यायला बी पाजा."

बा याच दिवसाची वाट बघत होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण आता काढा का पाजत नाही ते काकाला सांगायचं, तर गावाच्या शेळ्या आपल्याच हातानं गेल्या, हे कबूल करावं लागणार. ते त्याच्यानं होईना. मी तोंड उघडलं, तर त्यानं डोळ्यांनीच गप्प केलं.

"मी न्हाई येत," एवढं बोलून तो आत गेला.

काका दारातच थुंकला आणि चालता झाला. मला बाचा भयंकर राग आला, आणि त्याच्यासाठी रडूही आलं. काकाच्या चौदाच्या चौदा शेळ्या जगल्या. पुढं काही वर्षांनी बा गेला, तेव्हा काका मयतीला आला नाही. त्या शेळ्यांची पिलावळ घेऊन चारायला गेला होता.