टपाचा पुढचा कोपरा

जळगावात आमचं जीपच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप होतं आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. नव्वदच्या आसपास मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. नोकरी मिळेना, म्हणून वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, कामात लक्ष घालू लागले. डब्यावर इंग्रजीत काहीही छापलेलं असो, ते मला कळतंच, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. मला निम्मंही कळायचं नाही, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

धाकटा भाऊ जळगाव-धरणगाव जीप चालवायचा. जीपचा सांगाडा लोखंडी आणि वजन कमी व्हावं म्हणून टप अ‍ॅल्युमिनियमचा. एका पावसाळ्यात टप सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या रिबिटांभोवती पांढरी पूड धरायला लागली. आबांनी रिबिटं बदलली, तीही सैल झाली. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तेच आमच्या दारातल्या जीपवर चाललंय हे माझ्या डोक्यात यायला दुसरा पावसाळा उजाडला.

मग भाऊ पुण्याहून दोन डबे घेऊन आला. एकात राळ, दुसऱ्यात ती घट्ट करणारं हार्डनर. कारखान्यांत आता गाडीचा पत्रा चिकटवतात म्हणे. दोन धातूंच्या मध्ये चिकटाचा थर राहतो, म्हणजे ते एकमेकांना टेकतही नाहीत आणि पाणीही शिरत नाही. आपलाही टप चिकटवायचा, असं त्यानं जाहीर करून टाकलं.

आबा म्हणाले, "टपवर मानसं बसतस. रिबिटवर हातोडी मारी की माले आवाज समजस. याना कोनता आवाज?"

प्रश्न बरोबर होता. रिबिट घट्ट आहे की सैल, हे आबांना ठोक्याच्या आवाजावरून कळायचं, चिकटाला आवाजच नव्हता. आमच्याकडे जीपमध्ये जेवढी माणसं आत, तेवढीच टपावर. टप सुटला तर ती सगळी रस्त्यावर, आणि स्टेअरिंगवर माझा भाऊ. आबा बोलले की मला आबांचं पटायचं, भाऊ बोलला की भावाचं. शेवटी आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी, का कोण जाणे, मान डोलावली.

पहिल्या दिवशी भर दुपारी कालवायला घेतलं. मे महिना. चिकट सांगाड्यावर लावण्याआधी वाटीतच दगड झालं, चमचा त्यात उभाच राहिला. भाऊ हसला, आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच लागलो. पॉलिश पेपरनं सांगाड्याची पट्टी रंग जाईपर्यंत घासली, पत्राही घासला, दोन्ही थिनरनं पुसले. आता कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, असं मी मास्तरणीसारखं बजावलं. मग चहा प्यायला आत गेलो आणि येऊन चिकट लावलं, टप बसवला, शिकंजे आवळले.

डब्यावर दिलेला वेळ झाल्यावर आबांनी टपावर सरकीची पोती चढवली, वर स्वतः चढून नाचल्यासारखे पाय आपटले. टप हलला नाही. भावाला आभाळ ठेंगणं झालं. मग आबांनी खाली उतरून एकेका कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि उचकटलं. तीन कोपरे दाद देईनात. चौथा, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा, सुकलेला पापड कापडावरून सुटावा तसा सुटला.

आबांनी रिबिटांचा डबा जवळ ओढला. माझं डोकं चालेना. डबे तेच, हात तेच, सकाळ तीच. तिघांनी धरायचं आणि एकानं का सोडायचं? आधी उन्हाला दोष दिला, मग प्रमाणाला, मग माझ्या बी.एस्सी.ला. शेवटी फटीत बॅटरी मारून पाहिलं. चिकट पत्र्याला घट्ट होतं, लोखंडाच्या बाजूनं मात्र सोलून निघालं होतं, आणि त्यावर उलटं, लाल स्वस्तिक उमटलं होतं.

आमच्याकडे बॉडी तयार झाली की आई पुढच्या पत्र्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायची. लोखंडावर कोरडं कुंकू राहत नाही, म्हणून तेल. या वेळी गाडी पोटच्या पोराची आणि काम नव्या तऱ्हेचं. म्हणून आम्ही चहा पीत असताना तिनं ते घासलेल्या लोखंडी पट्टीवर काढलं होतं, टपाच्या आत, त्याच्या डोक्यावर, पावसानं धुतलं जाऊ नये म्हणून. पट्टीच्या कडेला सगळा रेडऑक्साइडचा तांबडा रंग आणि चिकट दगड व्हायच्या आत लावायची घाई, त्यात ते लाल कुणाला दिसणार?

आई माझ्या मागेच उभी होती. "मीच काढं ते," ती म्हणाली. "तू सांगं व्हतं, बोट लावू नका. माले वाटनं, ते तुमनाकरता शे."

आबांनी रिबिटांचा डबा बाजूला सारला. चिकटात खोट नव्हती, हे त्यांना कळलं. भाऊ तर टाळी द्यायला माझ्याकडे वळला. मला त्याचा राग आला, आणि चूक माझी नव्हती म्हणून सुटल्यासारखंही वाटत होतं, त्याचाही राग आला. आई आत निघून गेली होती.

कोपरा पुन्हा घासला, पुसला, चिकटवला. या वेळी आबांच्या स्क्रू-ड्रायव्हरला चारही कोपऱ्यांनी दाद दिली नाही. जीप निघायच्या दिवशी आई दारात पदराखाली हात घेऊन उभी राहिली.

"माय, कुंकू?" भावानं विचारलं.

"नको भाऊ. मना हात लागना आन ते सुटनं."

मी तिला नीट समजावलं. तेल जोडाच्या आत गेलं म्हणून ते सुटलं, बाहेरून लावलं तर काहीच होत नाही. सगळी केमिस्ट्री अगदी बरोबर सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मानही हलवली. हात काही बाहेर काढले नाहीत.

भाऊ कुंकवाशिवायच जीप घेऊन निघाला. नंतर आम्ही बरेच टप चिकटवले, आईनं एकाही गाडीला बोट लावलं नाही. त्यातला एकही टप कधी सुटला नाही. आईला दुसरा कुठला पुरावा हवा होता?