कुंपणाबाहेरून लिहिलेला पाऊस

"ए पोरी, भांड्याला हात लावू नगंस. ते पाणी तुळशीला जातंय. भाईरनंच लिहून घे."

पाटलीणबाईंनी एवढं सांगितलं आणि परड्याचं फाटक ओढून घेतलं. मी बाहेर. हातात पेन. कोल्हापुरात शेतकीच्या एम.एस्सी.ला होते तेव्हा. कागलकडचं माझंच गाव अभ्यासाला घेतलं होतं. गावचा पर्जन्यमापक पाटलांच्या परड्यात, आणि आम्ही महारवाड्यातले. माप झालं की पावसाचं पाणी तुळशीला घालायची त्या घरची रीत. माझ्या हातानं तिला विटाळ झाला असता.

राग यायला हवा होता. आला नाही. लहानपणी ओंजळीत वरून पाणी घेतलं होतं, आता आकडा वरून घेत होते. पाटलांचा थोरला मुलगा आतून ओरडायचा, मी लिहायचे. काही वाटायचंच नाही. हाताला घट्टा पडावा, तसं झालं होतं.

विषय होता अवर्षण निर्देशांक. यंदाचा पाऊस तीस वर्षांच्या सरासरीपासून किती हटला, ते त्यातून कळतं. फार खाली गेला की दुष्काळ. हेच आकडे तालुक्याला जायचे, त्यावर टँकर आणि चारा ठरायचा. पाटलांचा ऊस नदीच्या पाण्यावर. पाऊस आला काय, गेला काय. आमचा भुईमूग माळावर. त्या पावसाळ्यात तो उभाच करपला. वस्तीच्या विहिरीत चिखल राहिला.

आणि माझ्या गणितात गाव आलं 'सामान्य'.

"म्हंजी पाऊस पडला म्हणायचा की," बाबा म्हणाले. थट्टा नव्हती. लेकीच्या शिक्षणावर त्यांचा विश्वास होता. करपलेल्या शेतापेक्षा माझा कागद त्यांना खरा वाटला. तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी गेले. मुलगा ओसरीवर चहा पीत होता. जागचा न उठता ओरडला, "बारा मिलिमीटर!"

रात्रभर चांदणं होतं.

मी फाटक उघडलं. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यावर कोळ्याचं जाळं होतं, धुळीनं भरलेलं. ते हातानं काढलं. नरसाळं उचललं, आतलं भांडं उलटं केलं. थेंब नाही.

"इटाळ केलास गं सगळा!" पाटलीणबाई किंचाळल्या.

"शून्य हाय," मी म्हणाले. "मग तुळशीला काय घालत हुता?"

मी बाहेर आले.

कॉलेजात माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं, हे आकडे मी वापरणार नाही. ते शांतपणे म्हणाले, "नोंद अधिकृत आहे. तुझ्याकडं दुसरी आहे का? तीस वर्षांची?"

नव्हती. आमच्या पावसाची नोंद कुणी ठेवलीच नव्हती. मी गाव प्रबंधातून काढलं. पदवी लांबली. तालुक्याच्या कागदात पाऊस सामान्यच राहिला; टँकर आला नाही, बाबांनी बैल विकले.

पुढच्या मृगाआधी आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरापुढं पर्जन्यमापक बसवला. रोज सकाळी आई भांडं काढते, मोजते, लिहिते. फाटक नाही. ज्याला बघायचंय त्यानं यावं, हात लावून बघावं.

तीस वर्षं पाहिजेत ना? देऊ. आई थकली की मी मोजेन. पण आता कुणी ओसरीवरून ओरडलेला पाऊस मी लिहिणार नाही.