मुकादमाच्या जेवणाचं यंत्र

तिला सगळे 'वरच्या बाई' म्हणायचे. बांधकामावरची उंच क्रेन ती चालवायची. सकाळी शिडी चढून त्या काचेच्या एवढ्याशा खोलीत जाऊन बसली, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरायची नाही. खालची माणसं तिला चेहऱ्यापेक्षा आवाजाने जास्त ओळखत. वॉकीटॉकीतून येणारा तो आवाज, हुकाला कितीही जड ओझं लटकत असो, कधी चढायचा नाही की कापायचा नाही.

नवरा जहाजावर, महिनोन्‌महिने बाहेर. घरात ती, तिचे सासरे आणि एक बोका. सासऱ्यांना ती नाना म्हणायची. नानांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. सुनेने क्रेनचं काम धरलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली, एकटे नाना म्हणाले होते, "चला, आपला धंदा घरातच राहिला." बोका मूळचा बांधकामावरचा. वाळूच्या ढिगावर बसून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. पुढे ती त्याला घरी घेऊन आली.

मुकादम म्हातारा झाला आणि त्याच्या हिरड्या पार बिघडल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे सगळे दात काढले आणि बजावलं, की आता कोरडा खाऊ बंद. मऊ, ओलं अन्न द्यायचं. थोडं थोडं, पण वेळच्या वेळी. एकदम जास्त खाल्लं तर उलटी होईल, फार वेळ उपाशी राहिला तर आजारी पडेल. आणि डब्यातून काढलेलं ओलं अन्न बाहेर पडून राहिलं तर ते फेकायचं, त्याच्या पोटात जाऊ द्यायचं नाही.

नाना म्हणाले, मी तर घरीच असतो, त्यात काय मोठंसं. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस ती घरी आली तर वाटीतलं अन्न तसंच, वर वाळून साल धरलेली. दुसऱ्या एका दिवशी कचऱ्यात नको इतके रिकामे डबे आणि सतरंजीवर उलटी. नाना म्हणाले, एकदाच दिलं. तिने विषय वाढवला नाही, पण तेव्हापासून तिच्या डोक्याला भुंगा लागला.

वरच्या खोलीत फोन न्यायची बंदी होती. त्यामुळे घरी विचारायची सोय नाही. ती लिव्हर ओढायची आणि मनात हिशेब चालायचा: आता दिलं असेल का? दिलं असेल तर पुन्हा देत असतील का? डबा फ्रिजमध्ये गेला की ओट्यावरच राहिला? इमारतींच्या गर्दीत तिला आपल्या घराचं छपरसुद्धा दिसायचं नाही, तरी मान सारखी तिकडेच वळायची.

एका दुपारी ती सळयांचा जुडगा उचलून चौथ्या मजल्यावर नेत होती. खालून सिग्नलवाल्याने थांबायला सांगितलं. तिने ऐकलं, पण हात जरा उशिरा हलला. जुडगा पुढे गेला, झोका घेऊन मागे आला, आणि त्याची सावली गवंड्यांच्या अंगावरून सरकून गेली. गवंडी भिंतीला चिकटून बसले. कुणाला खरचटलंही नाही. तिने ओझं हळूहळू स्थिर केलं आणि खाली टेकवलं.

वॉकीटॉकीत सिग्नलवाल्याचा आवाज आला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, आज कुठे आहात तुम्ही?"

त्याच संध्याकाळी ती पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदाराने आधी जे यंत्र पुढे केलं त्यात वर मोठं भांडं आणि खाली नळी होती. वेळ झाली की दाणे खाली पडतात म्हणाला. ती म्हणाली, दाणे पडतील, ओलं अन्न नळीतच चिकटून बसेल. मग त्याने गोल थाळीचं यंत्र काढलं. थाळीत पाच खण, वर झाकण, झाकणाला एकच खिडकी. ठरवलेल्या वेळी थाळी फिरते आणि पुढचा खण खिडकीखाली येतो. खाली बर्फाच्या चकत्या ठेवायची जागा. तिसरं यंत्र स्वतःच थंड राहणारं, जणू छोटा फ्रिज, पण ते भिंतीतल्या विजेवर चालायचं आणि सतत घूं घूं करायचं.

तिने दुकानदाराला भंडावून सोडलं. बर्फ किती वेळ टिकतो? वीज गेली तर खिडकी उघडी अडकते की बंद? खण बाहेर निघतात का, निघाले तर कोपऱ्यात अन्न साचतं का? मांजराने पंजा घातला तर थाळी उलटी फिरते का? दुकानदाराला सगळं ठाऊक नव्हतं. त्याने कंपनीला फोन लावला, तिकडेही कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी तिने गोल थाळीचं घेतलं. ते सेलवर चालत होतं, आणि खण सुटे होऊन धुता येत होते. घरी येताना पिशवी मांडीवर होती आणि मनात तिसरंच यंत्र घोळत होतं. चुकलं की काय?

नानांनी खोका बघितला. काय आहे विचारलं, तिने सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. जेवताना त्यांनी निम्मी थाळी तशीच सोडली.

सुट्टीच्या दिवशी तिने यंत्र लावून बघितलं. थाळी घरघरत फिरली आणि मुकादम उडी मारून कपाटावर जाऊन बसला. कशीबशी त्याची समजूत काढून खाली आणला, तर अन्न बर्फाने गार पडलेलं. त्याने हुंगलं, बोडक्या हिरड्यांना गार लागलं असावं, आणि तोंड फिरवून निघून गेला. तिला रडू फुटायच्या बेतात होतं. एवढा खटाटोप करून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नाना खुर्चीतून सगळं बघत होते. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि वाटीत गरम पाणी घेऊन आले. दोन चमचे पाणी खणात घालून बोटाने कालवलं. वास सुटला तसा मुकादम परत आला आणि चपचप करत खायला लागला. नाना त्याच्याजवळ जमिनीवरच बसले. थाळीची कड त्यांनी बोटाने चाचपली, लिफ्टचं दार तपासावं तशी.

मग म्हणाले, "यातल्या एका खणात माझ्या गोळ्या मावतील का गं?"

तिला वाटलं, थट्टा करतायत. ती हसली. ते हसले नाहीत. तिने त्यांच्या टेबलाचा खण उघडला. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं एकावर एक, बरीचशी न फोडलेली.

"नाना, कधीपासून?"

"ते आठवत असतं तर गोळ्याही आठवल्या असत्या." मग खाली बघून म्हणाले, "विसरतो हे मला कळतं पोरी. काय विसरलो, ते कळत नाही. म्हणून बोललो नाही."

इतके दिवस ती मांजराच्या वाटीकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती क्रेनवर चढली नाही. नानांना घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब मोकाट राहिल्यामुळे विसरणं वाढलंय. गोळ्या नेमाने घेतल्या तर आणखी बिघडणं लांबवता येईल. गेलं तेवढं सगळं परत येईल अशी आशा धरू नका. नाना शेजारीच बसून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, डॉक्टर बरा आहे, लपवत नाही.

तिने कामावर अर्धा दिवस मागून घेतला. दुपारनंतर दुसरा माणूस क्रेनवर बसतो. तो ओझी धाडकन टेकवतो, असं सिग्नलवाला सांगतो, आणि तेही तिच्या जिवाला लागून राहतं. नवरा पुढच्या बंदरावर उतरून येणार आहे, तारीख अजून पक्की नाही.

गोळ्यांसाठी तिने वेगळी डबी आणली आणि ती यंत्राच्या शेजारी ठेवली. थाळी घरघरली की नाना उठतात, पाणी गरम करतात, अन्न कालवतात आणि आपली गोळी घेतात. बहुतेक दिवस घेतात. एखाद्या दिवशी मुकादमाचा खण चाटूनपुसून साफ असतो आणि गोळी डबीतच राहते. बर्फाच्या चकत्या आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये टाकायचं ती स्वतःच कधीकधी विसरते, आणि मग सकाळभर तोच घोर.

सुट्टी झाली की ती शिडी उतरते आणि घरापर्यंत जवळजवळ पळतच जाते. दार उघडलं की आधी डबी बघते, मग थाळी. नाना खुर्चीत डोळे मिटून पडलेले असतात, मुकादम त्यांच्या पायाशी. ती बूट न काढता दारातच उभी राहते. दोघांचा श्वास चाललेला दिसला, की मग वाकून नाड्या सोडते.