काचेच्या फ्रीजमधला दक्षिण ध्रुव

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये किस्से साठायला एकच कारण पुरतं: लाइट जाते, काम थांबतं, तोंडं थांबत नाहीत! वैशाली आल्यापासून तर विचारूच नका. आम्ही सगळे तूर-हरभऱ्यावर पीएचडी करणारे. हिने विषय घेतला दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रातल्या सूक्ष्म शैवालाचा. चार डिग्रीत जगणारं हे शैवाल पाणी जरासं तापलं की कितपत तग धरतं, ते पाहायचं. जालन्यात! भर मे महिन्यात!

*

एकदा घनसावंगीहून तिचे अण्णा आले. मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बघत राहिले.

"हे खातंय कोन?"

"आधी बारके जीव, मंग मासे. तिकडचं सगळं ह्याच्यावरच जगून राह्यलंय, अण्णा."

"मंग मरू देऊ नको," म्हणाले आणि बस गाठायला निघाले.

*

पहिल्याच उन्हाळ्यात इन्व्हर्टरने मान टाकली आणि सगळ्या फ्लास्कमधलं शैवाल मेलं. तिच्या गाइड मॅडम मायेने म्हणाल्या, "हरभरा घे गं."

"मॅडम, जालन्यात हरभरा कुणीबी जगवतो!"

तिने परत शैवाल मागवलं. खरं सांगतो, मला तेव्हा तिच्या हट्टाचा रागच आला होता.

*

कॉलेजसमोर पारसशेठची डेअरी. तिथे जनरेटर आहे आणि काचेच्या दाराचा फ्रीज, आत ट्यूबलाइट. शैवालाला थंडी लागते तसा उजेडही लागतो. म्हणून लाइट गेली की वैशाली फ्लास्क ठेवलेला बर्फाचा डबा उचलून तिकडे पळायची आणि शेठ लस्सी सरकवून जागा करायचे. चहाच्या रंगाचं ते पाणी बघून एक गिऱ्हाईक म्हणालं, "कोल्ड टी कितीला?"

"विकाऊ न्हाई," शेठ म्हणाले. "पीएचडी हाय!"

*

मग तिचं काम तपासायला बाहेरगावाहून मोठे सर आले. त्यांनी नाही म्हटलं की विषय बंद. बसल्या बसल्या म्हणाले, "इथं हे जमणार नाही. विषय बदला."

वैशाली ग्राफ दाखवायला उठली आणि लाइट गेली. "सर, आलेच!" म्हणत ती डबा घेऊन पळाली. सर तणतणत तिच्या मागे, त्यांच्या मागे मॅडम, मॅडमच्या मागे मी.

डेअरीत तिने फ्लास्क फ्रीजमध्ये लावले आणि दुसरा डबा आणायला परत धावली. सर घाम पुसत, काचेपाशी वाकून एकेक फ्लास्क बघत राहिले. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने लस्सीसाठी दार उघडलं आणि कुठली घ्यावी, याचा विचार करत तसाच उभा राहिला.

सर एवढ्या मोठ्याने ओरडले की शेठच्या मापातलं दूध सांडलं.

"दार लावा आधी! टेम्परेचर वाढतंय!"