डाळीचं पाणी

बीडजवळच्या पालीच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला शहादेवची वस्ती आहे. इथून समुद्र किती लांब, हे वस्तीवर कुणाला ठाऊक नाही आणि कुणाचं त्यावाचून अडलेलंही नाही. शहादेवला मात्र ठाऊक होतं. ऊसतोडीपेक्षा बरं म्हणून तो बरीच वर्षं खाडीकाठच्या कोळंबीच्या तळ्यांवर राखणदार होता, आणि परत आला तो डोक्यात धंदा घेऊनच.

त्याच्या रानातल्या बोअरला मचूळ पाणी लागलेलं. जनावरं तोंड लावीत नव्हती, पिकं पिवळी पडत होती. शहादेवनं शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला, तेच पाणी भरलं, मिठाची आणि क्षारांची पोती ओतली, हवा खेळवणारी चाकं बसवली आणि कोळंबीचं बी सोडलं.

"झिंगे? किडे पाळतो का बे, शहादेव?" गाव म्हणालं.

माळकरी शेजारी तळ्याकडं पाठ करून जाऊ लागले. किडे मोठे झाले, मांजरसुंब्याच्या चौकात बर्फाच्या गाडीत चढले आणि हैदराबादेला गेले. मग गाव गप्प झालं. आमच्याकडं गावानं गप्प बसणं ही फार मोठी शाबासकी समजतात.

उरलं तळ्यातलं पाणी. हिरवट, उग्र वासाचं, तळाला सडक्या खाद्याचा काळा गाळ. खाडीवर याचं उत्तर सोपं होतं. तिथला मालक अमावास्येची वाट बघायचा. अमावास्येला ओहोटी मोठी लागते, तळ्याची दारं उघडली की सगळी घाण समुद्राच्या पोटात. पुढं खाडीतले मासे कमी झाले आणि कोळी भांडायला आले, तेव्हा मालक म्हणाला, समुद्र केवढा, आपलं पाणी केवढं. शहादेवला ते पटलं होतं. पगार देणाऱ्याचं बोलणं लवकर पटतं.

तर शहादेवनंही फाल्गुनातल्या अमावास्येची वाट पाहिली. बीड जिल्ह्यात, कोरड्या ठणठणीत ओढ्याच्या काठावर, हा गडी ओहोटीचा मुहूर्त धरून बसला. मग त्यानं पाइपाचं तोंड ओढ्यात सोडलं. पाणी थोडं लांब गेलं आणि वाळूत जिरलं. दिसेनासं झालं म्हणजे गेलं, असं समजून शहादेव घरी येऊन जेवला.

ओढ्याच्या खालच्या अंगाला त्याची चुलती भिवराबाई राहते. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर जायचे तेव्हा शहादेवला तिनंच सांभाळलं. तिच्याकडं एक विहीर आहे. वस्तीवरच्या बाकी कुठल्याच पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, दाणा टणक राहतो. भिवराबाईच्या विहिरीच्या पाण्यात मात्र ती लोण्यासारखी व्हायची. म्हणून बायका बाकीचं पाणी कुठूनही आणोत, 'डाळीचं पाणी' म्हणून एक कळशी तिच्याकडून न्यायच्या. गावात तिला जो मान होता तो सगळा त्या विहिरीचा होता, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

हनुमान जयंतीला सप्ताहाचा काला झाला. पंगती बसल्या, पण डाळ शिजेना. सोमेश्वर आचाऱ्यानं जाळ वाढवला, सोडा टाकला, शेवटी देवाचं नाव घेतलं. लोकांनी तोवर कारणं शोधली. डाळ जुनी, दुकानदार चोर, लाकूड ओलं, आणि काहीच जमेना तेव्हा सोमेश्वरचा हात.

"हात तोच हाय माझा," सोमेश्वर म्हणाला. "पानी बघा."

"पानी भिवराकाकूचं हाय बे!" असं सगळ्यांनी म्हटलं आणि पाण्याचा विषय संपला.

वाढायला उभ्या असलेल्या शहादेवनं पिंपातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. ही चव त्याच्या ओळखीची होती. तिकडं भिवराबाई मान खाली घालून, विचारील त्या बाईला सांगत होती, "आवंदा माझ्या हिरीला काय झालं, कळंना गं." शहादेवनं ओंजळीतलं पाणी सांडून टाकलं. त्याला स्वतःची लई लाज वाटली.

"काकू, ते माझ्या तळ्याचं पानी हाय," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मीच सोडलंतं वढ्यात."

प्रसाद टाकता येत नाही, म्हणून गावानं ती डाळ कडाकडा चावून खाल्ली. शहादेवकडं बघत खाल्ली.

"कावून सोडलं रं?" भिवराबाईनं घरी आल्यावर विचारलं.

"तिकडं तसंच सोडत्यात. अमावस्येला ओहोटी लागती. समुद्र घिऊन जातो सगळं."

भिवराबाईनं यावर नीट विचार केला. "मंग आपलं बी जाईल की एखाद्या अमावस्येला," ती म्हणाली.

शहादेवनं पुन्हा तळं भरलं नाही. चाकं गोठ्यात पडली आहेत. तो भिवराबाईची विहीर उपसून ते पाणी स्वतःच्या रानात ओततो, आणि विहीर पुन्हा तसल्याच पाण्यानं भरते. पावसाळा झाला, तरी दाणा टणकच. आता कळशी घेऊन कुणी येत नाही. वाट चुकायला नको म्हणून की काय, भिवराबाई दारासमोरची पायवाट रोज झाडून ठेवते.

अमावास्या आली की ती विहिरीच्या पाण्यात डाळ चढवते आणि पुतण्याला हाक मारते.

"शहादेव, आज अमावस्या हाय. लागली का रं तुझी ओहोटी?"

ती टोमणा मारत नाही, तिला खरंच वाटतं. शहादेव एक दाणा दाताखाली धरून बघतो.

"न्हाई काकू."

"बरं, फुडच्या अमावस्येला बघू," असं म्हणून ती ताट त्याच्याकडं सरकवते, आणि तो ती डाळ खाऊन उठतो.