भाच्याने पाठवलेला पंखा

लपवून उपयोग नाही, अर्ध्या विजय नगरला आधीच कळलंय. तेव्हा माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे निदान तिखटमीठ तरी माझं असेल. चहा घ्या आधी. हसायचं तर हसा, पण सोफ्यावर सांडू नका.

तर झालं असं, आमच्या कम्प्युटरचा आतला पंखा मेला. प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो ना, तो. मे महिना, त्यात जबलपूरचा! माझी बायको मंदा दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. प्रमेय अर्ध्यावर आलं की मशीन तापून बंद! शेवटी तिने निकाल दिला, "सोमवारपर्यंत पंखा लागला नाही, तर तीसच्या तीस पोरं इथे घरी बोलावते. तुम्ही गच्चीवर बसा."

विजय नगरात बंडूभाऊंचं कम्प्युटरचं दुकान आहे. आपला मराठी माणूस. बारा वर्षं आमची मशीन तेच पाहतात. एकदा ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवा सदरा घालून आमच्या टेबलाखाली आडवे झाले होते. पैसे घेतले नाहीत, फक्त चिवडा खाल्ला.

अशा माणसाच्या दुकानात मी तासभर बसलो. त्यांचा चहा प्यायलो. त्यांनी चार पंखे काढले, कोणता आपल्या मशीनमधल्या बोर्डावर बसतो, कोणता नाही, सगळं समजावून सांगितलं. मी मान डोलावली, "घरी विचारून सांगतो" म्हणालो, आणि घरी येऊन मोबाइलवर तसाच दिसणारा पंखा स्वस्तात मागवला. हो, मागवला! तुम्ही कधी केलंच नाही असं? मग माझ्याकडे असं काय बघता?

शनिवारी पंखा आला. व्हिडिओ लावला, मशीन उघडली, प्रोसेसरवर ती पांढरी पेस्ट फासली, वर पंखा ठेवला. बसेना! बोर्डाची भोकं एकीकडे, पंख्याचे पाय दुसरीकडे. दाबून पाहिला, फिरवून पाहिला, गणपतीला साकडं घातलं. पेस्ट लागलेली, त्यामुळे परत करायची सोयही गेली. सोमवार डोक्यावर. मशीन उचलली आणि गेलो बंडूभाऊंकडेच. दुसरं कुठे जाणार?

"हा पंखा कुठून आणला जी?"

आता खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचा चहा प्यायलो, तुमची अक्कल फुकट घेतली आणि पैसे दुसऱ्याला दिले? या माणसाने माझ्याशी बोलणं टाकलं असतं, तर मला ते खरंच सोसलं नसतं. तोंडातून निघून गेलं, "भाच्याने पाठवला. नागपूरच्या. भेट म्हणून."

"अच्छा! काय करते भाचा?"

"कम्प्युटरचंच."

"इंजिनिअर?"

मी मान हलवली. हो की नाही, ते ज्याचं त्याने समजावं अशी.

माझी बहीण नागपूरला आहे, तिला मुलगा आहे, इथपर्यंत सगळं खरं. फक्त निखिल सहावीत आहे.

बंडूभाऊंनी खणातून कुठलीशी जुनी पट्टी शोधली, खटपट करून पंखा बसवून दिला. मशीन सुरू! मी हवेत. पण एक गोष्ट विसरलो. बंडूभाऊंची मुलगी पल्लवी सत्तावीस वर्षांची, बँकेत नोकरीला, आणि घरच्यांना जावई मराठीच हवा. जबलपुरात! अहो, इथल्या सराफ्यात हवं तेवढं सोनं मिळेल, लग्नाचा मराठी मुलगा मिळत नाही.

संध्याकाळी पल्लवीच्या आईचा, म्हणजे वहिनींचा फोन. "भाऊजी, तुमच्या भाच्याचं लग्न व्हायचंच आहे ना?"

"व्हायचंच आहे." यात खोटं काय होतं?

"उंची किती आहे?"

"वाढून राहिली अजून."

"क्या?"

"पगार! पगार म्हणतो मी, वाढून राहिला."

"अन् काही व्यसन?"

"चॉकलेट."

"अगं बाई, म्हणजे निर्व्यसनी! चलो, उद्या येतो आम्ही दोघं."

मंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "निस्तरा तुम्हीच. मी फक्त चहा टाकीन."

रविवारी दोघं आले. मी मनात भाच्याला परदेशी पाठवून ठेवलं होतं. पण यांचेच चेहरे पडलेले. बंडूभाऊंनी घसा खाकरला. "वाईट वाटून घेऊ नका जी. आम्हाला हे स्थळ नको."

सुटलो! इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण मी काय विचारलं असेल?

"काहून?"

"सख्ख्या मामाच्या मशीनमध्ये बोर्ड कोणता, हे ज्या पोराने विचारलं नाही, सरळ दुसऱ्याच बोर्डाचा पंखा धाडून दिला, तो संसार काय पाहून करणार? अन् म्हणे इंजिनिअर! भैया, दिमाग कम है लड़के में."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नसलेल्या भाच्याला नकार आला याचं दुःख नव्हतं हो. पण अक्कल माझी काढली जात होती ना!

"अकलेवर जाऊ नका, बंडूभाऊ! जाहिरातीत साफ लिहिलं होतं, सगळ्या बोर्डांना चालतो! मागवायच्या आधी मी तीनदा वाचलं!"

मंदाने कपबशी खाली ठेवली. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

"कोणी वाचलं?" बंडूभाऊंनी हळूच विचारलं.

मग काय, सगळं ओकलो. त्यांचा चहा, त्यांचे चार पंखे, माझा मोबाइल. हात जोडले. "लाज वाटून राहिली भाऊ. चुकलो."

बंडूभाऊंनी टेबलाखालच्या मशीनकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "एक शब्द टाकला असता, तर तुमच्यासाठी मीच भाव कमी केला असता ना." खरं सांगतो, त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात वहिनींचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे पंखा पोराने घेतलाच नाही? मग पोरगा हुशार असेल हो! काढा पत्रिका!"

आता पळायला जागा नव्हती. "वहिनी, निखिल सहावीत आहे."

वहिनींनी कपाळाला हात लावला. बंडूभाऊ मात्र आल्यापासून पहिल्यांदा हसले. उठले, चपला घातल्या आणि दारातून वळून म्हणाले, "सहावीत आहे ना? मग झालं तर. यापुढे मशीनचं काही ऑनलाइन घ्यायचं असलं, तर त्याला विचारून घेत जा."