अकरा महिन्यांचा खालिद

खालिद या नावाचा अर्थ सदैव राहणारा. हे नाव त्याच्या आजोबांचे. आजोबा बत्तिसाव्या वर्षीच गेले, आणि निदान नाव तरी घरात राहावे म्हणून आजीने हट्टाने ते नातवाला दिले. नावाची थोरवी केवढी! नातू मोठा झाला, हाताला गुण आला, आणि सरकारी ग्रंथालयात पुस्तके बांधण्याची नोकरी लागली. अकरा महिन्यांसाठी.

नियमच तसा होता. अकरा महिने भरले की त्याला एक दिवस कामावरून कमी करायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घ्यायचे. सलग वर्ष भरते तर तो कायम झाला असता, आणि ते वरच्यांना परवडत नव्हते. सव्वीस वर्षांत सदैव राहणारा हा माणूस अठ्ठावीस वेळा गेला आणि अठ्ठावीस वेळा परत आला. त्या एका दिवशी तो घरी बसत नसे. वाचनकक्षात येई आणि स्वतः बांधलेली पुस्तके उघडून बघत बसे. त्याच्या पुस्तकाची ख्याती अशी, की कुठलेही पान उघडा, ते तळहातासारखे सपाट पसरावे. एक अक्षर कण्यात दबू नये. दारावरचा शिपाई दरवेळी विचारी, "ओळखपत्र?"

"काल होतं. उद्या असेल."

त्या इमारतीत खालिद तिघे होते. एक उपसंचालक, त्यांना साहेब म्हणत. दुसरा लिफ्ट चालवी, तो लिफ्टवाला. तिसरा हा, बांधणीवाला. एवढे मंगल नाव तीन देहांत नांदत होते आणि दिवसभरात कोणाच्या ओठांवर येत नव्हते. घरी बायको तेवढी आठवण ठेवून होती. "अहो अविनाशी," ती म्हणे, "भाजी संपलीय."

लिफ्टवाल्याचे मात्र त्याच्यावर विलक्षण प्रेम. बांधणीवाला पुस्तकांची चळत घेऊन आला, की "या मालक" म्हणून तो दार ओढून घेई आणि थेट चौथ्या मजल्यावर नेई. दुसऱ्या मजल्यावर खुद्द साहेब घंटा दाबत असले तरी थांबत नसे. बांधणीवाल्याला वाटे, नावाचा बंध तो हा.

तो लिफ्टवाला शुक्रवारी निवृत्त होणार होता. सोमवारी आस्थापनेच्या कारकुनाने त्याची सगळी सेवेची कागदपत्रे बांधणीला धाडली. "नीट बांधा हं. पानांवर आकडे घातलेत. एक जरी पान गळालं तर बिचाऱ्याचं पेन्शन अडकेल."

बांधणीवाल्याने पाने सारखी केली, दाभण घेतले, आणि एक्केचाळिसाव्या पानावर त्याचा हात थांबला. अठरा वर्षांपूर्वीचा हुकूम. 'श्री. खालिद यांना सेवेत कायम करण्यात येत आहे.' आणि डाव्या समासात बारीक अक्षरात, 'विभाग: पुस्तकबांधणी'.

ज्या कागदाची अठ्ठावीस वेळा वाट पाहिली, तो कागद त्याच्या बांधणीच्या शिकंज्यात होता. उपसंचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला, की नाव सार्थ. पण मग लिफ्टवाल्याची अठरा वर्षे कोणत्या खात्यात जायची? उभे राहून राहून गुडघे गेलेल्या माणसाला दुसरे काम कोण देणार?

दुपारी तो रिकाम्या हातांनी लिफ्टमध्ये शिरला. "एक्केचाळीस नंबरचं पान वाचलं," म्हणाला.

लिफ्टवाल्याने दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवली.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं त्या वेळच्या कारकुनाला, मी बांधणीत नाही, लिफ्टवर आहे. तो म्हणाला, नाव खालिद ना? मग कर सही, मला जेवायला जायचंय."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"रोज वाटायचं. खालीच ठरवायचो, आज सांगायचंच. पण चौथा मजला फार लवकर येतो, मालक."

"अठरा वर्षं?"

"लिफ्ट चांगली आहे." लिफ्टवाल्याने मान खाली घातली. "आता काय करणार?"

"बांधणार. दुसरं काय येतं मला?"

रात्री त्याने बायकोला सगळे सांगितले. तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "आजींना नाव कायम राहायला हवं होतं. राहिलं की. माणूस तेवढा दुसरा निघाला." आणि भाकरी त्याच्या ताटात वाढत, "त्याचे गुडघे खरंच गेलेत हो."

मंगळवारी बांधणीवाल्याने सुईत दोरा ओवला. पान काढता येत नव्हते आणि वाचूही द्यायचे नव्हते. सव्वीस वर्षे ज्या हाताने एकेका अक्षराला उजेडात ठेवले, त्याच हाताने त्याने एक टाका मुद्दाम आत घेतला, खोल, घट्ट, समासाच्याही पलीकडे. वरून खळ लावली. समासातली बारीक अक्षरे कण्यात गडप झाली. असे वाईट काम त्याने जन्मात केले नव्हते.

गुरुवारी साहेबांनी गठ्ठा चाळला. एक्केचाळिसाव्या पानाशी अडले, बोटाने दाबून पाहिले, पान काही पसरेना. वाचण्याचा कंटाळा करून त्यांनी शेवटच्या पानावर सही केली. मग बांधणीवाल्याला बोलावले.

"हे काय हो? पान उघडत नाही."

"चूक झाली, साहेब."

"वय झालं तुमचं." साहेबांनी त्याच्या मुदतवाढीच्या कागदावर शेरा लिहिला: 'काम पूर्वीसारखे राहिले नाही. या वेळी सहाच महिने.'

शुक्रवारी हारतुरे झाले. साहेब भाषणात म्हणाले, की अशी निष्ठावान माणसे कायम राहत नाहीत. टाळ्या सर्वांत जोरात बांधणीवाल्याने वाजवल्या.

संध्याकाळी लिफ्टवाल्याची शेवटची फेरी. आत दोघेच. लिफ्टवाल्याने दार ओढले, बटणावर बोट ठेवले, पण दाबले नाही.

"कुठं नेऊ, खालिद?"

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारत होता. बांधणीवाल्याने जरा विचार केला.

"चौथ्यावरच चल. आणि आज साहेबांनी घंटा दाबली, तर थांब. मला अजून सहा महिने काढायचेत इथं."